वाहिनी कसली विचारता, घराणं विचारा

दर गुरुवारी टीआरपीचे आकडे आले, की आपल्याकडे झी मराठी मोठी की स्टार प्रवाह यावरून दोन दिवस रण माजतं. मालिका बघणारे भांडतात आणि 'आम्ही असलं काही बघत नाही' म्हणणारे त्याहून जास्त भांडतात. अमेरिकेत हाच वाद तीन पिढ्या चालू आहे, फक्त तिथे तो दुपारच्या मालिकांवरून चालतो. सीबीएस श्रेष्ठ, एबीसी श्रेष्ठ, की एनबीसी? फेब्रुवारी २०२५मध्ये सीबीएसने 'बियाँड द गेट्स' सुरू केली. १९९९नंतर तिथल्या मोठ्या वाहिन्यांवर आलेली ही पहिलीच नवी दुपारची दैनंदिन मालिका. त्या निमित्ताने जुने हिशेब पुन्हा बाहेर निघाले. पहिल्या क्रमांकावर कोण किती वर्षं टिकलं, एमी, म्हणजे तिथले दूरचित्रवाणीचे मानाचे पुरस्कार, कोणाच्या पदरात किती पडले, कोणत्या मालिकेतलं लग्न जास्त लोकांनी पाहिलं. हे तक्ते वाचताना मला वाटत राहतं, की गाणं कुठल्या घराण्याचं हे विचारायचं सोडून मंडळी सभागृहांची तुलना करत बसली आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या मालिकांची तुलना वाहिनीवार करणं हीच मुळात चूक आहे. वाहिनी म्हणजे प्रक्षेपणाची वेळ, जाहिरातींचा दर आणि 'नाही' म्हणण्याचा अधिकार. मालिकेचा स्वभाव, तिची लय, तिची माणसं या गोष्टी वाहिनीकडून आल्या नाहीत. त्या मोजक्या लेखकांकडून आल्या, आणि हे लेखक तिन्ही वाहिन्यांच्या ओट्यावर स्वयंपाक करत होते. तुलना करायचीच असेल, तर ती त्यांच्यात करा.

या सगळ्याची सुरुवात एका बाईपासून होते. इर्ना फिलिप्स. १९३०मध्ये शिकागोच्या डब्ल्यूजीएन या रेडिओ केंद्रावर तिने 'पेंटेड ड्रीम्स' ही रोजची कथा सुरू केली. ती लिहायची आणि तीत कामही करायची. ही कथा देशभरच्या जाळ्यावर न्यावी असं तिला वाटलं, तेव्हा केंद्र म्हणालं की कथा आमची. ती कोर्टात गेली आणि हरली. मग तिने जवळपास तशीच दुसरी कथा रचून एनबीसीला दिली आणि पुढे मालकीच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून राहिली. १९३७मध्ये तिची 'गायडिंग लाइट' रेडिओवर आली, १९५२मध्ये सीबीएसच्या दूरचित्रवाणीवर गेली आणि २००९मध्ये संपली. बहात्तर वर्षं. सुरुवातीला भाग पंधरा मिनिटांचे असत. १९५६मध्ये तिने 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' अर्ध्या तासाची करून दाखवली, तेव्हा इतका वेळ बाया बसतील का, ही शंका होतीच. बसल्या. घाई नाही, टेबलाशी बसून कॉफी पिता पिता दोन बायका बोलताहेत, आणि त्या बोलण्यात एका संसाराला गेलेला तडा दिसतो आहे. फिलिप्सची ही विलंबित लय पुढची वीस वर्षं दुपारवर राज्य करत होती.

आता तिचे शिष्य बघा. ॲग्नेस निक्सन कॉलेजातून नुकती बाहेर पडली होती. वडिलांचा धंदा प्रेतवस्त्रांचा, मुलीने तिथेच यावं ही त्यांची इच्छा. लेखनाचं खूळ डोक्यातून जावं म्हणून त्यांनीच तिची फिलिप्सशी गाठ घालून दिली. फिलिप्सने तिचं लिखाण तिच्यासमोरच मोठ्याने वाचलं आणि विचारलं, माझ्याकडे काम करशील का? दुसरा शिष्य विल्यम बेल, शिकागोच्या जाहिरात क्षेत्रातून आलेला. या दोघांनी फिलिप्सच्या हाताखाली सीबीएसच्या मालिकांवर हात बसवला. पुढे १९६४मध्ये फिलिप्स आणि बेलनी 'अनदर वर्ल्ड' रचली. ती सीबीएसवरच्या 'ॲज द वर्ल्ड टर्न्स'ची जुळी बहीण व्हायची होती, पण सीबीएसकडे जागा नव्हती, म्हणून गेली एनबीसीला. म्हणजे एनबीसीच्या वैभवातली एक मालिका केवळ सीबीएसचं वेळापत्रक भरलेलं होतं म्हणून एनबीसीची! १९६५मध्ये एनबीसीवर 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' आली, तिच्याही जन्मात फिलिप्सचा वाटा होता आणि तिला बाळसं आणलं बेलने. निक्सन एबीसीला गेली, तिथे तिने १९६८मध्ये 'वन लाइफ टु लिव्ह' आणि १९७०मध्ये 'ऑल माय चिल्ड्रन' उभी केली. बेल १९७३मध्ये पत्नी ली फिलिप बेलसह 'द यंग अँड द रेस्टलेस' घेऊन सीबीएसवर परतला. सांगा बरं, यात 'सीबीएस विरुद्ध एबीसी' कुठे आहे? मला तर एका गुरूचे दोन शागीर्द दिसतात. एकीने सामाजिक प्रश्न बंदिशीत बांधले, दुसऱ्याने शृंगार आणि पैसा.

आणि हे एकाच घराण्यापुरतं नाही. डग्लस मार्लंडने एनबीसीची 'द डॉक्टर्स' लिहिली, एबीसीच्या 'जनरल हॉस्पिटल'ला मरणाच्या दारातून परत आणण्यात त्याचा हात होता, मग सीबीएसची 'गायडिंग लाइट', पुन्हा एबीसीसाठी निक्सनबरोबर 'लव्हिंग', आणि १९८५पासून १९९३मध्ये मृत्यू येईपर्यंत सीबीएसची 'ॲज द वर्ल्ड टर्न्स'. नव्याने मालिका हाती घेणाऱ्याला त्याचा सल्ला असे, की आधी मालिका बघा, तिचा इतिहास शिका. जिथे जाईल तिथे जुन्या पात्रांना तो पुन्हा घरातल्या माणसांची जागा देई. दशकवार वाहिन्यांचे आलेख काढणाऱ्यांनी या एका माणसाचा प्रवास त्या आलेखावर ठेवून बघावा. चढाच्या रेषा बऱ्याचदा त्याच्या पावलांमागून जातात.

आपल्या रंगभूमीचं उदाहरण आठवतं. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांच्या चाहत्यांमधली चुरस प्रसिद्धच आहे. बालगंधर्व थोर की केशवराव भोसले, यावर घराघरात तट पडलेले. १९२१मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून संयुक्त 'मानापमान' केला, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. पण भांडण ज्यांच्या नावाने चाललं होतं त्या दोघांच्या तोंडी शब्द कोणाचे होते? खाडिलकरांचेच, आणि तेही ज्या किर्लोस्कर मंडळीसाठी १९११मध्ये लिहिलेले, त्या मंडळीतून बालगंधर्व केव्हाच बाहेर पडलेले. मंडळ्यांचा तुलनात्मक इतिहास जरूर लिहावा, पण खाडिलकरांचं नाव तळटीपेत टाकून तो लिहिता येईल का?

समोरच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं असं, की लेखक कितीही थोर असला तरी त्याला वाव देणारी किंवा मुसक्या बांधणारी वाहिनीच असते. हे खरं आहे, आणि मी ते मनापासून मान्य करते. १९६२मध्ये निक्सनने 'गायडिंग लाइट'मध्ये बर्ट बाउअर या सगळ्यांच्या लाडक्या गृहिणीला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचं कथानक घेतलं. बायकांनी पॅप तपासणी करून घ्यावी हा हेतू. सीबीएस आणि मालिकेची मालक साबण-कंपनी प्रॉक्टर अँड गॅम्बल यांनी परवानगी दिली, पण अट अशी की 'कर्करोग', 'गर्भाशय' आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचं नाव, हे शब्द उच्चारायचे नाहीत. कर्करोगाची कथा 'कर्करोग' न म्हणता! १९६७मध्ये खुद्द फिलिप्सने सीबीएसवर एक आंतरवंशीय प्रेमकथा मांडली. वाहिनीने ती गुंडाळायला लावली आणि फिलिप्स मालिका सोडून गेली. त्याच सुमारास एबीसीने निक्सनला मोकळं रान दिलं, आणि 'वन लाइफ टु लिव्ह'च्या पहिल्याच वर्षात प्रेक्षकांनी जिला गोरी समजलं ती कार्ला कृष्णवर्णीय निघाली. मग एबीसी पुरोगामी आणि सीबीएस सोवळी, असंच झालं ना?

नाही. तिन्हींत एबीसी तेव्हा शेवटची होती, गमावण्यासारखं तिच्याकडे थोडं होतं. सीबीएसच्या घरात लक्ष्मी पाणी भरत होती, तिने कशाला धोका पत्करावा? हिंमत वाहिनीच्या रक्तात असती, तर ती क्रमांक एकवर पोचल्यावरही तशीच राहिली असती. वाहिनीच्या 'हो' आणि 'नाही'मुळे कथा कुठे फुटते आणि कुठे दबते हे ठरतं, पण बर्टच्या आजाराची कल्पना निक्सनची एक मैत्रीण त्याच रोगाने गेली त्यातून आली होती, सीबीएसच्या कुठल्या बैठकीतून नाही. आणि शब्द काढून घेतले तरी निक्सनने ते कथानक लिहिलंच. ज्या वाहिनीने तोंडावर हात ठेवला, तिच्याच खात्यात आज ते 'सीबीएसचं धाडस' म्हणून जमा होतं. याला काय म्हणायचं?

वाहिनीने स्वतः डोकं चालवलं की काय होतं, याचाही एक नमुना आहे. १९७५मध्ये 'अनदर वर्ल्ड' तासाभराची झाली, दुपारच्या मालिकांत पहिली. जमलं. मग एनबीसीला वाटलं, तासाने एवढं मिळतं तर दीड तासाने किती मिळेल! मार्च १९७९पासून ती रोज नव्वद मिनिटं चालवली. रोज नव्वद मिनिटं म्हणजे आठवड्याला साडेसात तासांचं नाटक, तेही वर्षभर, सुट्टी नाही. पिठात पाणी घालून घालून शेवटी भाकरी थापता येईना. दीड वर्षाच्या आत नव्वद मिनिटांचा प्रयोग बंद पडला, पण मालिका पुढे १९९९मध्ये संपेपर्यंत पुन्हा कधी त्या उंचीवर गेली नाही.

राहिले आकडे. आकडे खोटं बोलत नाहीत, असं म्हणतात. बोलत नसतील, पण विचारलं तेवढंच सांगतात. साठच्या दशकाचा बहुतेक काळ आणि सत्तरचाही बराचसा 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' सगळ्यात पुढे, मग थोडा काळ 'ऑल माय चिल्ड्रन', ऐंशीच्या दशकात 'जनरल हॉस्पिटल', आणि १९८८च्या सुमारापासून 'द यंग अँड द रेस्टलेस'. हा क्रम खरा आहे. पण १९६०मध्ये दुपारी घरातल्या बाईपुढे तीन वाहिन्या होत्या, १९९५मध्ये पन्नास. त्या वर्षी माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनवरच्या खुनाच्या खटल्याचं थेट प्रक्षेपण महिनोन्महिने मालिकांच्या जागा खात होतं. शिवाय एकूण प्रेक्षक सीबीएसकडे जास्त असताना जाहिरातदार एबीसीला चढा भाव देत, कारण तिच्याकडे तरुण बायका होत्या, त्यांच्या खरेदीच्या सवयी अजून घडायच्या होत्या. मग पहिला क्रमांक कोणाचा, डोकी मोजणाऱ्याचा की पैसे मोजणाऱ्याचा? आणि 'यंग अँड द रेस्टलेस'चा तो अढळ पहिला नंबर नक्की कशाचा पुरावा? १९७३ ते १९९८, पंचवीस वर्षं मुख्य लेखक एकच होता. बेल. सीबीएसचे कार्यक्रम-प्रमुख त्या काळात येत-जात राहिले.

त्याहून मोठी अडचण अशी, की आपण ज्याची तुलना करतोय ते उरलंय किती? 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' १९७५पर्यंत थेट प्रक्षेपित व्हायची. सुरुवातीच्या काळातलं बरंचसं जपलं गेलं नाही, आणि नंतरच्या टेपांवरसुद्धा पुन्हा वापरासाठी पुसून दुसरं काही चित्रित झालं. एबीसीची पिशाच्चकथा 'डार्क शॅडोज' (१९६६-७१) जवळजवळ पूर्ण उरली, सव्वाबाराशे भागांतला फक्त एक हरवला, म्हणून आज ती साठच्या दशकाची प्रतिनिधी होऊन बसली आहे. शाळेतून धावत घरी येणाऱ्या पोरांची ती लाडकी होती हे खरं, पण त्या दशकातल्या दुपारींचं ते नमुनेदार चित्र नव्हेच. बालगंधर्व पहाटेपर्यंत गायचे, आपल्याकडे उरल्या त्या तीन तीन मिनिटांच्या तबकड्या, आणि त्यांवरून आपण त्यांच्या आलापीवर मतं ठोकतो. तसंच हे.

माझ्या मुद्द्याला खरा अडथळा आहे तो ग्लोरिया मॉन्टीचा. १९७८मध्ये बंद पडायच्या बेतात असलेली 'जनरल हॉस्पिटल' एबीसीने तिच्या हाती दिली. ती लेखिका नव्हती, दिग्दर्शनातून आलेली निर्माती होती. फिलिप्स-घराण्याशी तिचा संबंध नाही, आणि तिला नेमलं ते वाहिनीनेच. तिने विलंबित लय मोडून द्रुत आणली, दृश्यं छोटी केली, तरुणांना मध्यभागी आणलं. नोव्हेंबर १९८१मध्ये ल्यूक आणि लॉराचं लग्न सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिलं, एलिझाबेथ टेलर पाहुणी म्हणून आली, कॉलेजच्या वसतिगृहांतले दिवाणखाने दुपारी भरून वाहू लागले. इथे वाहिनीने बरोबर माणूस निवडला, हे श्रेय मी देते. पण दोन गोष्टी त्या जल्लोषात बुडून जातात. ल्यूकने १९७९मध्ये लॉरावर बलात्कार केला होता. ज्या लग्नाचे आकडे तक्त्यात सगळ्यात वर झळकतात, त्याच्या पायाशी हे आहे, आणि मालिकेला स्वतःला त्याचा जाब द्यायला पुढे अनेक वर्षं लागली. दुसरं, मॉन्टीच्या यशानंतर तिन्ही वाहिन्या तिची नक्कल करू लागल्या. हवामान गोठवून जगाला ओलीस धरणारा खलनायक 'जनरल हॉस्पिटल'मध्ये आला आणि मग सगळीकडेच हेर, बेटं, हिरे. कॉफीचं टेबल गेलं. एबीसी आणि सीबीएसमधला फरक ऐंशीच्या दशकात सगळ्यात जास्त होता असं सांगणारे नेमकं उलटं सांगतात. तेव्हा तर त्या सगळ्यात सारख्या दिसू लागल्या होत्या.

आता मालकीचं. एबीसीची बाजू घेणारे म्हणतात, सीबीएसच्या मालिका साबणवाल्यांच्या, एबीसीच्या मात्र हक्काच्या, म्हणून तिने जीव लावला. सत्तरच्या दशकाच्या मध्याला निक्सनने आपल्या मालिका एबीसीला विकल्या हे खरं. मग एप्रिल २०११मध्ये एबीसीने 'ऑल माय चिल्ड्रन' आणि 'वन लाइफ टु लिव्ह' या दोन्ही बंद करण्याचं एकाच दिवशी जाहीर केलं. 'ऑल माय चिल्ड्रन'च्या जागी आला एक स्वयंपाक-गप्पांचा कार्यक्रम. मालकीण होती म्हणूनच तिला हे एका फटक्यात करता आलं. सीबीएसने त्याआधीच 'गायडिंग लाइट'च्या जागी एक बक्षिसांचा खेळ आणि 'ॲज द वर्ल्ड टर्न्स'च्या जागी गप्पांचा कार्यक्रम आणला होता. बायका नोकऱ्यांना लागल्या, केबल आलं, गप्पांचा खर्च नाटकापेक्षा किती तरी कमी, ही कारणं खोटी नाहीत. पण मग बेल कुटुंबाच्या दोन मालिका कशा टिकल्या? 'द बोल्ड अँड द ब्युटिफुल' १९८७पासून चालू आहे आणि आजही बेलचा मुलगा ब्रॅडली ती लिहून घेतो. 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' कॉर्डे कुटुंबाची, ती २०२२मध्ये एनबीसीवरून उठून पीकॉक या ऑनलाइन सेवेवर गेली आणि तिथे चालू राहिली. अपवाद आहे, एबीसीच्याच मालकीची 'जनरल हॉस्पिटल', १९६३पासून उभी. अपवाद मी लपवत नाही. पण ज्यांच्या मागे वाहिनी होती त्यांपेक्षा ज्यांच्या मागे कुटुंब होतं त्यांना अधिक आयुष्य लाभलं, हेही दिसतंच आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत केबल आलं आणि स्टार प्लसवर 'सान्ता बार्बरा' दिसू लागली. माझ्या मावशीला इंग्रजी जेमतेम कळायचं, पण कोण कोणाचा मुलगा आणि कोण कोणाला फसवतोय हे ती आम्हाला समजावून सांगायची. ही एनबीसीची मालिका आहे हे तिला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. तिकडे अमेरिकेत ती आकड्यांत कधी फार वर गेली नाही, १९९३मध्ये बंदच झाली. पण १९८८, ८९, ९० अशी सलग तीन वर्षं सर्वोत्कृष्ट दुपारच्या मालिकेची एमी तिने घेतली, आणि फ्रान्सपासून रशियापर्यंत लोक तिच्या वेळेला घरी परतत. तिची निर्माती ब्रिजेट डॉब्सन ही 'जनरल हॉस्पिटल' रचणाऱ्या हर्सली दांपत्याची मुलगी. नवऱ्याबरोबर तिने आधी सीबीएसच्या 'गायडिंग लाइट' आणि 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' लिहिल्या होत्या. एबीसीच्या घरात जन्म, सीबीएसकडे तालीम, एनबीसीवर मैफल. आणि आपल्या स्टार प्रवाहची 'आई कुठे काय करते'? तिचं मूळ बंगाली 'श्रीमोयी'त, लीना गंगोपाध्याय यांच्या कथेत. पाच वर्षं आपण ती प्रवाहच्या खात्यात मोजली.

ज्या 'बियाँड द गेट्स'वरून हा वाद पुन्हा पेटला, तिच्याकडेच बघा. सीबीएसने तिला दिलेली वेळ एकेकाळी फिलिप्सच्या 'ॲज द वर्ल्ड टर्न्स'ची होती, मधे चौदा वर्षं तिथे गप्पा चालल्या. निर्मितीत भागीदार आहे तीच साबण-कंपनी, जी काही वर्षांपूर्वी या धंद्यातून हात झटकून निघून गेली होती. मालिका रचली आहे मिशेल व्हॅल जीन यांनी. त्यांनी आधी एनबीसीची 'जनरेशन्स' लिहिली, 'सान्ता बार्बरा' लिहिली, मग एबीसीची 'जनरल हॉस्पिटल', मग सीबीएसची 'बोल्ड अँड द ब्युटिफुल'. पहिल्याच आठवड्यात तक्तेवाल्यांनी ती सीबीएसच्या रकान्यात टाकून दिली.